टॅमॉक्सिफेन की लेट्रोझोल? डब्याचं झाकण आणि घरघंटी

घरच्या एका लग्नात जेवणं झाल्यावर मावशीने पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढली, शेजारी बसलेल्या ताईनेही तिची काढली, आणि दोघींना एकदमच दिसलं की आजार एकच, ब्रेस्ट कॅन्सर, दोघींच्याही रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह, पण गोळ्या वेगळ्या. मावशी ५९ ची, तिला लेट्रोझोल. ताई ४३ ची, तिला टॅमॉक्सिफेन. ताईची गोळी बरीच स्वस्त, म्हणून तिच्या मनात लगेच आलं की मला जुनं स्वस्तातलं औषध देऊन वाटेला लावलंय का. मी बायोकेमिस्ट्री शिकवते म्हणून सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. तिथे पानसुपारीच्या गडबडीत जमेल तेवढं सांगितलं, इथे नीट लिहिते, कारण डॉक्टरांनी "दोन्ही चालतील, विचार करून या" म्हणून घरी पाठवलेल्या बायका मला नंतरही भेटल्यात.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकते. गोळी बदलायची, थांबवायची ते ऑन्कॉलॉजिस्टशी बोलूनच. पण बोलायला जाताना आतमध्ये काय चालतं हे माहीत असलं ना, तर "कुठली गोळी जास्त पॉवरफुल" हा प्रश्न आपोआप गळून पडतो आणि खरा प्रश्न समोर येतो: माझ्या शरीरात आत्ता इस्ट्रोजेन बनतंय कुठे?

आधी पेशीत जाऊ. इस्ट्रोजेन हे तेलकट स्वभावाचं हार्मोन, त्यामुळे पेशीचं आवरण त्याला अडवत नाही, रक्तातून आलं की सरळ आत शिरतं आणि थेट केंद्रकापर्यंत पोचतं. तिथे त्याची वाट बघत एक प्रोटीन असतं, इस्ट्रोजेन रिसेप्टर, रिपोर्टवरचा ईआर तो हाच. आता हा रिसेप्टर म्हणजे स्टीलचा छोटा डबा समजा, झाकणवाला. इस्ट्रोजेन डब्यात मापात बसतं आणि वरून झाकण फिट्ट लागतं. झाकण नीट लागलं की त्याच्या कडेला एक खाच तयार होते, त्या खाचेत मदतनीस प्रोटीनं येऊन अडकतात, आणि मग ही सगळी जोडगोळी डीएनएवर ठरलेल्या जागी बसून जीन चालू करते. त्यातलं एक जीन सायक्लिन डी१ नावाचं प्रोटीन बनवतं, जे पेशीला सांगतं की चला, आता विभागायला घ्या. ईआर पॉझिटिव्ह कॅन्सर ह्या हुकमावर वाढतो. रिपोर्टमध्ये ८/८ किंवा अमुक टक्के लिहिलेलं असतं ते म्हणजे किती पेशींमध्ये हा डबा सापडला आणि किती ठळक. डबाच नसेल तर ह्या दोन्ही गोळ्यांचा उपयोग नाही, म्हणून ईआर निगेटिव्हवालीला शेजारणीची गोळी मागून खाण्यात काही अर्थ नसतो.

टॅमॉक्सिफेन काय करतं, तर त्याच डब्यात जाऊन बसतं. पण त्याच्या रेणूला एक लांब शेपूट आहे. पोह्याच्या डब्यात चमचा तसाच ठेवला की झाकण लागत नाही बघा, दांडा बाहेर येतो, अगदी तेच. झाकण जागेवर बसत नाही ते नाहीच, उलट घसरून नेमकं त्या खाचेवरच पडतं जिथे मदतनीस अडकायचे. खाच बुजली, मदतनीस हात हलवत परत. वर आणखी जीन दाबून ठेवणारी प्रोटीनं येऊन चिकटतात. म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन भरपूर असलं तरी ब्रेस्टच्या पेशीला हुकूम पोचत नाही.

लेट्रोझोल डब्याला हातसुद्धा लावत नाही. ते थेट इस्ट्रोजेन बनायच्या जागी जातं. शरीरात इस्ट्रोजेन आभाळातून पडत नाही, अँड्रोजेन नावाच्या हार्मोन्सपासून ते बनतं आणि हे बनवणारं एन्झाइम म्हणजे अरोमाटेज. दाणे टाकले की पीठ निघतं तसं टेस्टोस्टेरॉन टाकलं की इस्ट्राडायॉल निघतं. (हो, बायकांच्या शरीरात पण टेस्टोस्टेरॉन असतं, वर्गात मुली दर वर्षी चमकतात हे ऐकून.) पाळी चालू असताना गावची मोठी गिरणी म्हणजे ओव्हरी, बहुतेक पीठ तिथलंच. मेनोपॉजनंतर ती गिरणी बंद पडते, पण घरोघरी घरघंट्या चालूच राहतात, म्हणजे चरबीत, स्नायूंत, अगदी ब्रेस्टच्या टिश्यूतसुद्धा अरोमाटेज असतं आणि ॲड्रिनल ग्रंथीकडून येणारे दाणे ते दळत बसतं. थोडंथोडंच, पण कॅन्सरच्या पेशीला तेवढं पुरतं. अरोमाटेजच्या पोटात लोहाचा एक अणू आहे, दळायचं काम तिथेच होतं, लेट्रोझोल बरोबर त्या लोहाला जाऊन चिकटतं आणि जातं जाम. ॲनास्ट्रोझोल पण असंच. एक्झेमेस्टेन जरा वेगळं, ते दाण्याचं सोंग घेऊन आत जातं आणि एन्झाइम कायमचं बाद करतं, शरीराला नवीन बनवावं लागतं. तिघांना मिळून अरोमाटेज इन्हिबिटर, बोलताना एआय म्हणतात, आर्टिफिशियल इंटेलिजन्स नव्हे.

आता फरक कुठे पडतो ते बघा.

ओव्हरी चालू असलेल्या बाईला नुसतं लेट्रोझोल दिलं तर घोटाळा होतो. गिरणीवर मेंदूतल्या पिट्युटरीचं लक्ष असतं. इस्ट्रोजेन कमी झालं की ती एफएसएच नावाचं हार्मोन वाढवते, म्हणजे ऑर्डरवर ऑर्डर सोडते, आणि ओव्हरी दुप्पट जोमाने कामाला लागते. ह्याच कारणासाठी वंध्यत्वाच्या ट्रीटमेंटमध्ये बीज तयार व्हावं म्हणून लेट्रोझोल पाच दिवस देतात, भारतात २०११ मध्ये त्या वापरावर बंदी आली होती आणि २०१७ मध्ये उठली. त्यामुळे ताईने नेटवर लेट्रोझोल शोधलं तर आधी प्रेग्नन्सीचेच व्हिडिओ आले आणि ती अजूनच गोंधळली. औषध तेच, पण शरीर वेगळं, परिणाम उलटा.

टॅमॉक्सिफेनला ही अडचण नाही कारण ते डब्यातच बसलेलं असतं, बाहेर कितीही पीठ दळू दे. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या ऑल्डरली पार्क लॅबमध्ये १९६२ मध्ये डोरा रिचर्डसन ह्या केमिस्टबाईंनी ते पहिल्यांदा बनवलं तेव्हा टीमच्या डोक्यात गर्भनिरोधक गोळी होती. उंदरांवर चाललं, बायकांमध्ये उलटंच, बीज तयार व्हायला मदतच झाली, कारण मेंदूतले डबे पण अडवले गेले आणि पिट्युटरीला वाटलं इस्ट्रोजेन संपलं. गर्भनिरोधक म्हणून फेल गेलं आणि मग १९७१ मध्ये मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलमध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंट्सवर त्याचा पहिला रिपोर्ट आला. ही नुसती गोष्ट म्हणून नाही सांगत. टॅमॉक्सिफेनवर असलेल्या तरुण बाईचं रक्तातलं इस्ट्राडायॉल वाढलेलं दिसू शकतं, ओव्हरीत सिस्ट दिसू शकते, आणि पाळी अनियमित झाली तरी दिवस राहू शकतात, तेही गर्भाला धोका असलेल्या औषधावर. म्हणून कॉपर टी किंवा कंडोम हवाच, हार्मोनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या नाहीत. हा भाग ताईला कुणीच सांगितला नव्हता. तीन मिनिटांची ओपीडी, काय करणार.

मग "माझा मेनोपॉज झालाय का" हे कसं कळणार? इथे आपल्याकडे फार मोठी गल्लत होते. "पिशवी काढली, पाळी बंद, म्हणजे मेनोपॉज" असं बायका सर्रास सांगतात. पिशवी म्हणजे गर्भाशय, गिरणी नाही. नुसती पिशवी काढून ओव्हरी ठेवल्या असतील तर पाळी बंद पण इस्ट्रोजेन चालू. महाराष्ट्रात तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या बायका किती आहेत ते बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या बातम्यांमधून २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचलंय. तेव्हा ऑपरेशनचा जुना कागद शोधून काढा, ओव्हरी ठेवल्यात की काढल्यात ते बघा, आणि डॉक्टरांना आपणहून सांगा. दुसरी गल्लत केमोची. केमोमुळे पाळी थांबते ती कधीकधी ओव्हरी झोपलेली असते म्हणून, वर्षभराने जागी होते, आणि एआय चालू असेल तर ते तिला ढोसून उठवायला मदतच करतं. म्हणून पंचेचाळिशीच्या आसपास केमोनंतर लगेच लेट्रोझोल लिहून दिलं असेल तर इस्ट्राडायॉल आणि एफएसएच बघितलं का, आणि परत कधी बघणार, हे विचाराच.

मेनोपॉज नक्की झालाय असं धरू. आता दोन्ही गोळ्या चालतात, तर कुठली? इथे आकडे आहेत आणि ते चांगले आहेत. २०१५ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय जर्नलमध्ये जवळजवळ ३२ हजार बायकांच्या ट्रायल्सचा एकत्र हिशोब आला. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांमध्ये दहा वर्षांत कॅन्सर परत आला २२.७ टक्के जणींना, पाच वर्षं एआय घेणाऱ्यांमध्ये १९.१ टक्के. ब्रेस्ट कॅन्सरने मृत्यू १४.२ विरुद्ध १२.१ टक्के. म्हणजे शंभरातल्या दोघी जास्त वाचल्या. फरक खरा आहे पण जमीन-अस्मानाचा नाही, आणि टॅमॉक्सिफेन घेणारी काही गोळीविना बसलेली नाही, पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्यावर ब्रेस्ट कॅन्सरने मृत्यूचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो हे आधीच सिद्ध झालेलं आहे. ताईच्या "स्वस्तातलं" ह्या शंकेचं उत्तर हेच, पेटंट कधीच संपलं म्हणून स्वस्त आहे, कमअस्सल म्हणून नाही.

दोन्ही गोळ्यांच्या फायद्याची किंमत शरीराच्या दुसऱ्या भागांना मोजावी लागते, आणि ती कुठल्या भागाला हे पण आतल्या यंत्रणेवरूनच ठरतं, मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो.

इस्ट्रोजेन रिसेप्टरला जीन चालवायची दोन टोकं आहेत. झाकणाकडचं टोक टॅमॉक्सिफेन बंद करतं, दुसरं टोक मोकळंच राहतं. ब्रेस्टच्या पेशीत त्या दुसऱ्या टोकाला फारसं काही जमत नाही, पण गर्भाशयाच्या अस्तरात मदतनीस प्रोटीनं मुबलक, तिथे तेवढ्यावरही काम चालू होतं. म्हणून एकच गोळी ब्रेस्टमध्ये ब्रेक आणि गर्भाशयात थोडा ॲक्सिलरेटर. पन्नाशीनंतर अस्तराच्या कॅन्सरचा धोका ह्यामुळे वाढतो, त्याच २०१५ च्या हिशोबात दहा वर्षांत १.२ टक्के, एआयवाल्यांमध्ये ०.४. पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी "गरम पडलं असेल" म्हणत बसायचं नाही, दाखवायचं. आणि जिची पिशवी आधीच काढलेली आहे तिच्या बाबतीत हा मुद्दाच बाद. लिव्हरमध्येही टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनसारखं वागतं, कोलेस्टेरॉल जरा खाली येतं पण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. एका पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. आधी कधी गुठळी झालेली असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगायचं, बहुतेक वेळा तेवढ्यावरच निर्णय एआयच्या बाजूने जातो.

हाडांमध्ये मात्र मेनोपॉजनंतर टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनची नक्कल करून हाडं धरून ठेवतं. लेट्रोझोलवर उलट, सगळ्या घरघंट्या बंद, हाडांना मिळणारं उरलंसुरलं इस्ट्रोजेन पण गेलं. पाच वर्षांत फ्रॅक्चर एआयवर ८.२ टक्के विरुद्ध टॅमॉक्सिफेनवर ५.५. शिवाय सांधे. सकाळी उठल्यावर बोटं आखडणं, गुडघे, मनगटं, आणि हे मनाचे खेळ नाहीत, ह्याच त्रासाने कितीतरी जणी गोळी सोडतात. योनीचा कोरडेपणा पण एआयवर जास्त, आपल्याकडे कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते, उपाय असतात, फक्त इस्ट्रोजेनवालं क्रीम विचारल्याशिवाय आणू नका. गरम वाफा दोन्हीकडे, त्यात डावं-उजवं करण्यात अर्थ नाही.

माझं मत विचाराल तर मेनोपॉज झालेली, हाडं बरी, गाठ मोठी किंवा काखेत गेलेली, तिने एआय आधी धरावं, सुरू करतानाच डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजायची तपासणी) करून, कॅल्शियम-व्हिटॅमिन डी बघून, लागलंच तर दर सहा महिन्यांनी हाडांचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन, आणि रोज चालणं. हाडं आधीच ठिसूळ, गाठ लहान, काखेतल्या गाठी स्वच्छ, पिशवी काढलेली, तर टॅमॉक्सिफेनला नाक मुरडायचं कारण नाही. आणि मधे बदलता येतं. दोन-तीन वर्षं एक, मग दुसरी, ह्यालाही चांगला पुरावा आहे, त्यामुळे आज घेतलेला निर्णय म्हणजे दगडावरची रेघ नाही.

ताईच्या वयाला प्रश्न वेगळा. तिथे तुलना असते नुसतं टॅमॉक्सिफेन की ओव्हरी बंद करायचं इंजेक्शन अधिक गोळी. गोसेरेलिनचं ३.६ मिग्रॅचं इंजेक्शन दर २८ दिवसांनी पोटाच्या कातडीखाली देतात, ते पिट्युटरीचा फोनच बंद करतं, गिरणीला ऑर्डर जात नाही. मोठी गिरणी अशी थांबवली की मग एआय वापरता येतं. ओव्हरी बंद केलेल्या बायकांमध्ये एआय आणि टॅमॉक्सिफेनची तुलना २०२२ मध्ये सात हजारांवर जणींच्या आकड्यांवरून झाली, दहा वर्षांत आजार परत येणं १४.७ विरुद्ध १७.५ टक्के, मृत्यूत मात्र तोवर ठळक फरक नाही. दुसऱ्या पारड्यात चाळिशीतच एका महिन्यात येणारा मेनोपॉज, झोप, मूड, संसार, हाडं, आणि दर महिन्याचं इंजेक्शन व त्याचा खर्च, जो गोळ्यांपेक्षा खूप जास्त. केमो लागली इतका धोका होता किंवा वय पस्तिशीच्या आत, तर इंजेक्शनचा फायदा जास्त दिसतो. ताईची गाठ लहान, ग्रेड कमी, काखेतल्या गाठी निगेटिव्ह, तिला नुसतं टॅमॉक्सिफेन दिलं होतं आणि सगळं समजून घेतल्यावर तिला ते पटलं. आणखी एक, इंजेक्शन आणि एआय अशी जोडी चालू असेल तर इंजेक्शनची तारीख पुढे ढकलणं म्हणजे गिरणी परत सुरू होऊ देणं, लग्नसराई असो की गणपती.

टॅमॉक्सिफेनवाल्यांनी एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवावी. गोळी पोटात जाते ती पूर्ण तयार नसते, लिव्हरमध्ये सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम तिचं एंडॉक्सिफेन करतं आणि ते डब्याला मूळ गोळीपेक्षा कितीतरी घट्ट धरतं. डिप्रेशनसाठी किंवा अगदी गरम वाफांसाठीसुद्धा दिली जाणारी पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन ही औषधं नेमकं हेच एन्झाइम अडवतात. व्हेनलाफॅक्सिन त्या मानाने सौम्य. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना "मी टॅमॉक्सिफेनवर आहे" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. पण चालू असलेली गोळी घाबरून एकदम बंद करायची नाही, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू दे. लेट्रोझोलला ही भानगड नाही, ते आहे तसंच काम करतं. शतावरी कल्प वगैरे "बायकांसाठी चांगलं" म्हणून कुणी आणून दिलं तर दोन्ही गोळ्यांवाल्यांनी आधी विचारावं.

किती वर्षं? कमीत कमी पाच. टॅमॉक्सिफेन दहा वर्षं घेऊन बघितलेली ॲटलास ट्रायल २०१३ मध्ये आली, पाचव्या ते चौदाव्या वर्षात आजार परत यायचं प्रमाण २५.१ वरून २१.४ टक्क्यांवर आलं, मृत्यू १५ वरून १२.२, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर १.६ वरून ३.१ वर गेला. घासाघीस आहे, कमी धोक्याच्या गाठीला कदाचित नको, काखेत गेलेल्या गाठीला बहुतेक हवी. एखादा दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायची नाही, टॅमॉक्सिफेन शरीरात आठवडे रेंगाळतं आणि लेट्रोझोल काही दिवस. पण महिन्यातून दहा दिवस विसरणं वेगळं.

आणि गोळी असूनही आजार पुढे सरकला तर? कधीकधी, मुख्यतः आजार शरीरात पसरल्यावर आणि बराच काळ एआय घेतल्यावर, डब्याचं झाकणच बिघडतं. रिसेप्टरच्या जीनमध्ये म्युटेशन होऊन रिकाम्या डब्यालाही झाकण लागायला लागतं, हुकूम आपोआप चालू. मग इस्ट्रोजेन बंद करून काय उपयोग, गिरणीचा संबंधच राहिला नाही. अशा वेळी फुलव्हेस्ट्रंटचं इंजेक्शन असतं, दोन्ही कुल्ल्यांवर एकेक, ते डब्यात बसून डब्याचा आकारच असा बिघडवतं की पेशी स्वतःच त्याला भंगारात काढते. हे मी मुद्दाम थोडक्यात लिहिते, पहिल्या टप्प्यात निर्णय घेणाऱ्या बाईने ह्याची चिंता आत्ता करू नये.

मावशीने लेट्रोझोलच चालू ठेवलंय. पहिल्या वर्षी सांध्यांनी इतकी जेरीला आली की सोडणार होती, डॉक्टरांनी काही आठवडे थांबवून एक्झेमेस्टेन देऊन बघू म्हटलं, ते तिला जास्तच सोसेना, परत लेट्रोझोलवर आली. डेक्सा दर दोन वर्षांनी. बोटं सकाळी अजूनही आखडतात, म्हणून भाकऱ्या आता दहा वाजल्यानंतर थापते आणि मामाला तोवर चहा-खारीवर बसवून ठेवते.